ट्रॉली लावली की पिकअप ऑइल का खाते आणि एवढी का ओरडते?

दिवाळी झाली की आपल्याकडं ट्रॉल्यांचा सीझन चालू होतो. कारखान्याचा ऊस ट्रॅक्टरच ओढतात ते सोडा, पण सांगली-साताऱ्याच्या रस्त्यावर पिकअपच्या मागं काय काय लागलेलं असतं बघा: जनसेट (जनरेटर), स्लॅबचा मिक्सर, विहिरीवाल्यांचा कॉम्प्रेसर, जत्रेला निघालेला साऊंड. आणि मग दरवर्षी तोच प्रश्न फिरतो. गाडी रिकामी असली की ऑइलला हात लावत नाही, ट्रॉली जोडून चार खेपा मारल्या की डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) खालच्या खुणेवर, आणि खंबाटकी चढताना तर असा आवाज करते की आत बसलेल्याला वाटतं इंजिन आता हातात येणार. एकजण सांगतो रिंगा गेल्या, दुसरा म्हणतो टर्बो, तिसरा म्हणतो काय नाय, जाड ऑइल टाक. तिघांपैकी एखादा बरोबर असेलही, पण यातल्या निम्म्या गाड्यांना मुळात काही झालेलंच नसतं, ऑइलचा हिशोबच चुकीचा धरलेला असतो असं माझं मत आहे. ते कसं ते सांगतो.

पहिलं म्हणजे ऑइल जातं कुठनं

इंजिनात पिस्टन वर-खाली पळतो आणि त्याच्या अंगावर रिंगा असतात. वरच्या दोन रिंगा गॅस अडवायला, खालची एक सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल खरवडून खाली पाठवायला. पण ती सगळं ऑइल खरवडत नाही, आणि खरवडलंच तर पिस्टन कोरडा घासून जाम होईल. भिंतीवर अगदी पातळ थर राहतो, तो वरच्या जाळात थोडा थोडा जळत राहतो. म्हणजे "माझी गाडी एक थेंब ऑइल खात नाही" असं कुणी म्हणालं तर समजा की त्याला ते दिसत नाहीये. चांगल्यातलं चांगलं नवं इंजिनसुद्धा थोडं खातंच.

दुसरी वाट उलट्या दिशेची. जाळाचा थोडा गॅस रिंगांच्या फटीतनं खाली ऑइलच्या टाकीत, म्हणजे सम्पमध्ये उतरतो, त्याला ब्लो-बाय म्हणतात. तो गॅस तिथं कोंडून ठेवला तर सगळी सीलं फुटतील, म्हणून त्याला बाहेर काढायला एक नळी असते, ब्रीदर. आताच्या गाड्यांत ही नळी हवेच्या पाइपला जोडून परत इंजिनातच सोडलेली असते आणि गॅसबरोबर ऑइलचा बारीक फवाराही तिकडं जातो आणि जळतो. तिसरी वाट टर्बोची. टर्बो म्हणजे सायलेन्सरकडं जाणाऱ्या गॅसवर फिरणारा पंखा, तो इंजिनात जास्तीची हवा दाबून भरतो. त्याचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेऱ्या मारतो आणि नुसत्या ऑइलच्या थरावर तरंगत असतो. चौथी वाट व्हॉल्व्हच्या गाइडमधनं, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी ज्या नळीत सरकते तिथनं, ती जुन्या इंजिनात जास्त. आणि पाचवी, जी सगळ्यात आधी बघायची आणि कुणीच बघत नाही, ती म्हणजे सरळ सरळ गळती. लोडवर, गरम असताना ठिबकतं आणि रस्त्यावरच पडतं, घरी अंगणात डाग दिसत नाही.

किलोमीटर मोजू नका, डिझेल मोजा

आपण म्हणतो हजार किलोमीटरला एवढं ऑइल गेलं. चूक इथंच आहे. एक माणूस मोकळ्या हातानं अजिंक्यतारा चढला आणि दुसरा पन्नास किलोचं पोतं पाठीवर घेऊन चढला, तर अंतर दोघांनी सारखंच कापलं, पण दोघांचा घाम सारखा निघाला का? आणि दुसऱ्याला जास्त घाम आला म्हणून त्याला आजारी म्हणायचं का? इंजिनानं किती काम केलं हे किलोमीटरवरनं कळत नाही, ते जाळलेल्या डिझेलवरनं कळतं.

वाईवरनं पसरणी घाटानं पाचगणीला जाणं घ्या. पाचगणी वाईपेक्षा साधारण साडेपाचशे मीटर उंच आहे. रिकामी पिकअप पावणेदोन टनांच्या आसपास धरली तर नुसतं ते वजन वर उचलायलाच पाऊण-एक लिटर डिझेल लागतं, रस्त्याचं घर्षण, हवा हे सगळं वेगळं. त्याच गाडीत टनभर माल आणि मागं दीड टनाची ट्रॉली, म्हणजे एकूण सव्वाचार टन, मग उचलायलाच दोन लिटर. रस्ता तोच, घाट तोच, काम दुपटीच्या वर.

आता ऑइलचा हिशोब. समजा तुमची गाडी रिकामी १३ चा ॲव्हरेज देते, म्हणजे १,००० किलोमीटरला ७७ लिटर डिझेल, आणि त्यात २०० मिली ऑइल गेलं. लिटरला झालं अडीच मिलीच्या आसपास. ट्रॉली लावल्यावर ॲव्हरेज ८ वर आला, १,००० किलोमीटरला १२५ लिटर लागले आणि ऑइल गेलं ३२० मिली. बघणाऱ्याला वाटतं बापरे, दीडपट ऑइल खाल्लं! पण लिटरला परत तेच अडीच मिली. इंजिन आहे तसंच आहे, फक्त काम जास्त केलं. याउलट ट्रॉलीच्या खेपांत ८०० मिली गेलं असतं तर लिटरला सहाच्या वर गेलं, तिथं मात्र काहीतरी नवीन घडलेलं आहे आणि शोधायला पाहिजे. मोठी इंजिनं आणि जनसेट सांभाळणारे लोक ऑइलचा खर्च डिझेलच्या टक्क्यात धरतात ते याचसाठी, त्यांच्याकडं किलोमीटर नसतातच मुळी.

किती चालतं म्हणाल तर काही कार कंपन्या हजार किलोमीटरला अर्धा लिटर, काही तर एक लिटरपर्यंत चालतंय म्हणतात. तो आकडा कंपनीनं स्वतःला वाचवायला मोठा ठेवलेला असतो असं मला वाटतं, त्यामुळं त्यावर निवांत होऊ नका. तुमच्याच गाडीचा मागचा आकडा हे खरं माप.

पण माझा तर लिटरमागचा आकडापण वाढलाय

होतं असं, आणि दरवेळी रिंगाच गेलेल्या असतात असं नाही. लोडवर जाळाचा दाब वाढतो, दाब वाढला की ब्लो-बाय वाढतो, ब्लो-बाय वाढला की ब्रीदरमधनं फवारा वाढतो. त्यात ऑइल तापून पातळ होतं. ४० डिग्रीचं ऑइल १०० डिग्रीला गेलं की त्याचा घट्टपणा सातव्या-आठव्या हिश्श्यावर येतो आणि घाटात ते शंभराच्याही वर जातं. पातळ ऑइल रिंगेखालनं जास्त निसटतं. म्हणजे थोडी वाढ, समजा अडीचची तीन-साडेतीन मिली, ही नुसत्या उष्णतेनं होऊ शकते. दुप्पट झाली तर मात्र कारण शोधा, आणि सुरुवात स्वस्तातल्या गोष्टींपासनं करा.

त्यातली पहिली एअर फिल्टर. आपल्याकडं जत, आटपाडी, माण, खटाव या भागात फिरणाऱ्या गाड्यांचं हेच दुखणं आहे. फिल्टर मातीनं चोंदला की टर्बोला हवा ओढायला त्रास होतो, त्याच्या तोंडाशी ओढ वाढते आणि त्या ओढीनं टर्बोच्या सीलमधनं ऑइल बाहेर खेचलं जातं. ट्रॉली नसताना हवा कमी लागते म्हणून काही कळत नाही, लोड आला की लगेच दिसतं. लोक टर्बो बदलतात आणि चोंदलेला फिल्टर तसाच ठेवतात, मग नवा टर्बोही महिनाभरात ऑइल टाकायला लागतो. आणि फिल्टर फाटका किंवा नीट न बसलेला असेल तर त्याहून वाईट, कारण आत गेलेली माती ऑइलमध्ये मिसळून रिंगा आणि लायनर (सिलिंडरची आतली भिंत) पॉलिश पेपरनं घासल्यासारखं झिजवते, मग खरोखरच इंजिन बांधायची वेळ येते. काहीशे रुपयांच्या फिल्टरपायी.

दुसरं ब्रीदर. त्याच्या जाळीत काजळी-ऑइलचा चिखल बसून वाट अरुंद झाली की आतला दाब वाढतो, टर्बोतनं सम्पकडं परत येणारं ऑइल अडतं आणि सीलमधनं बाहेर पडतं. खर्च जवळपास काही नाही, साफ करून घ्या नाहीतर बदला. तिसरं, घाट चढून वर पोचल्यावर चहाच्या टपरीपुढं गाडी लावली आणि लगेच चावी फिरवली, ही सवय. टर्बो त्यावेळी तापून लाल व्हायच्या बेताला असतो, इंजिन बंद म्हणजे त्याचं ऑइल बंद, आत राहिलेलं ऑइल तिथंच जळून कोळसा होतो. मिनिट-दोन मिनिटं आयडलवर राहू द्या. चहा कुठं पळून जात नाही.

वरच्या गियरला ओढलं की डिझेल वाचतं, मग इंजिन जपलं जात नाही का?

जुने ड्रायव्हर हे सांगतात आणि सपाट रस्त्यावर, मोकळ्या गाडीला ते खरंही आहे. ट्रॉली मागं असताना चौथ्या गियरला १,२०० आरपीएमवर अ‍ॅक्सिलेटर पूर्ण दाबून घाट चढवणं म्हणजे इंजिनाचा छळ आहे. फेऱ्या कमी म्हणजे ऑइल पंप हळू, पाण्याचा पंप हळू, फॅन हळू, आणि जाळाचा दाब मात्र सगळ्यात जास्त. बेअरिंगवर दणके बसतात, आवाज ठोकल्यासारखा येतो, ऑइल तापतं. एक गियर खाली टाका, १,८००-२,००० च्या आसपास चालवा. आवाज मोठा येईल पण तो मोकळा येईल, आणि डिझेल फार वाढत नाही.

याच्या उलट टोकाचेही लोक आहेत, जे गाडीला कधी लोडच देत नाहीत आणि तासन् तास आयडलवर ठेवतात. डिझेल इंजिनाला तेही सोसत नाही. दाब नसला की रिंगा भिंतीला घट्ट बसत नाहीत, लायनर गुळगुळीत काचेसारखा होतो आणि ऑइल वर यायला लागतं. नवं किंवा नुकतं बांधलेलं इंजिन असेल तर मॅन्युअलमध्ये सांगितलेलं सुरुवातीचं अंतर होईपर्यंत ट्रॉली लावू नका, पण म्हणून अगदी बाळासारखं चालवूही नका.

मग जाड ऑइल टाकलं तर?

बऱ्याच पिकअपना १५डब्ल्यू-४० सांगितलेलं असतं. यातला पहिला आकडा थंडीतल्या वागण्याचा, दुसरा गरम असतानाच्या घट्टपणाचा. जाड टाकलं की खर्च थोडा कमी दिसतो हे खरं आहे, म्हणून तर हा सल्ला टिकून आहे. पण सकाळी थंड इंजिनात जाड ऑइल टर्बोपर्यंत पोचायला वेळ लावतं, आणि आजार असेल तर तो झाकला जातो. बीएस६, म्हणजे प्रदूषणाच्या नव्या नियमातल्या गाडीत तर ग्रेडबरोबर ऑइलची जातपण बघावी लागते. १ एप्रिल २०२० पासनं आलेल्या या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा डीपीएफ असतो. ऑइल जळलं की त्याची राख तिथं साठते, काजळी जळून जाते पण राख जळत नाही. म्हणून त्यांना कमी राखेचं ऑइल लागतं. दुकानदार "हे पण चालतंय" म्हणाला तरी मॅन्युअलमधलं नाव डब्यावर शोधा.

आणखी एक, घाट आहे म्हणून वरच्या खुणेच्या वर अर्धा लिटर जास्त ओतायची पद्धत आहे काहींची. क्रँक, म्हणजे पिस्टन फिरवतात तो खालचा दांडा, त्या जास्तीच्या ऑइलला फेटतो, फेस होतो, आणि तो फवारा ब्रीदरमधनं जळायला जातो. म्हणजे ऑइल जास्त खाऊ नये म्हणून जास्त ओतलं आणि त्यामुळंच जास्त खाल्लं.

माझ्या गाडीत तर ऑइल कमी होण्याऐवजी वाढतंय, हे काय?

हे लोकांना फार चक्रावतं, आणि कमी होण्यापेक्षा जास्त काळजीचं आहे. डीपीएफमधली काजळी जाळायला गाडी अधूनमधून सिलिंडरमध्ये थोडं जास्तीचं डिझेल उशिरा मारते. त्यातलं काही भिंतीवरनं ओघळून खाली ऑइलमध्ये उतरतं. सांगली मार्केट ते मिरज अशा छोट्या छोट्या खेपा करणाऱ्या गाडीत काजळी जाळायचं काम अर्धवट सुटतं, पुन्हा सुरू होतं, आणि डिझेल साठत जातं. डिपस्टिकवर लेव्हल बरोबर, उलट वर. मालक खूश.

मग एक दिवस ट्रॉली लावून गाडी हायवेला निघते, ऑइल नीट तापतं, त्यातलं काही डिझेल वाफ होऊन ब्रीदरमधनं निघून जातं आणि परत आल्यावर लेव्हल एकदम खाली! सगळा दोष ट्रॉलीवर. खरं म्हणजे तेवढं ऑइल त्यात आधीच नव्हतं, डिझेल होतं. डिपस्टिकचा वास घ्या, डिझेलचा उग्र वास आला आणि लेव्हल वरच्या खुणेच्या पुढं गेली असेल तर आधी ऑइल बदला, मग ट्रॉली लावा. पातळ झालेल्या ऑइलवर घाट चढवला तर बेअरिंगचा जीव जातो, आणि फार भरलेलं ऑइल हवेच्या वाटेनं आत गेलं तर डिझेल इंजिन स्वतःच्याच ऑइलवर पळायला लागतं, मग जुन्या गाड्या तर चावी काढूनही बंद होत नाहीत.

निळा धूर दिसत नाही, म्हणजे ऑइल जळत नाही ना?

जुन्या गाडीत निळा धूर म्हणजे ऑइल, काळा म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त, गरम इंजिनातनं सतत पांढरा आणि सोबत रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर पाणी आत जातंय. बीएस६ मध्ये डीपीएफ बराच धूर गिळून टाकतो, त्यामुळं धुरावर विसंबू नका. डिपस्टिकवर विसंबा, तीही नीट बघून. ट्रॉली जोडलेली असताना मागं भार येतो आणि गाडीचं तोंड वर होतं, रीडिंग चुकतं. ट्रॉली सोडा, सपाट जागा, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा, मगच बघा.

आता आवाजाचं

डिझेलला स्पार्क प्लग नसतो. हवा इतकी दाबतात की ती पाचशे डिग्रीच्या वर तापते, त्यात डिझेलचा फवारा मारला की आपोआप पेट घेतो. पण फवारा आणि पेट यात अगदी क्षणाचा उशीर असतो, तेवढ्यात साठलेलं डिझेल एकदम पेटतं आणि तो कडकड आवाज येतो. विहिरीवरच्या किर्लोस्कर इंजिनचा आवाज ऐकत मोठे झालेल्यांना तो सांगायला नको. आताची कॉमन रेल इंजिनं मोठ्या फवाऱ्याआधी एक छोटा फवारा मारून हा दणका मऊ करतात, म्हणून नव्या पिकअप शांत वाटतात. थंड इंजिनात हा आवाज जास्त येतो आणि तापल्यावर कमी होतो. तापल्यावरही कडकड तशीच असेल तर डिझेल फवारणारं नोझल तपासा.

बाकी आवाजांसाठी तीनच प्रश्न विचारा. इंजिनच्या फेऱ्यांबरोबर बदलतो? गाडीच्या वेगाबरोबर बदलतो? की फक्त अ‍ॅक्सिलेटर दाबल्यावर येतो, सोडला की जातो? उभ्या गाडीत न्यूट्रलला रेस करून आवाज आला तर इंजिनकडचा. सपाट मोकळ्या रस्त्यावर क्लच दाबला, फेऱ्या उतरल्या तरी आवाज तसाच राहिला तर चाकं, मागच्या चाकांकडं ताकद नेणारा शाफ्ट किंवा हाउसिंग (मागच्या एक्सलवरचा गियरचा डबा) यांच्याकडचा. हा प्रयोग घाटात ट्रॉलीसकट करायचा नाही, सांगून ठेवतो.

फक्त ओढताना येणारे आवाज सगळ्यात फसवे, कारण गॅरेजच्या दारात ते येतच नाहीत. फुस्स असा हवेचा आवाज, ताकद कमी आणि काळा धूर असेल तर टर्बोपासनं निघालेला होज पाइप फाटलाय किंवा क्लिप ढिली आहे, दाब लोडवरच तयार होतो म्हणून आयडलला कळत नाही. फट-फट किंवा टिक-टिक, तापल्यावर जरा कमी, आणि मॅनिफोल्डजवळ (इंजिनातनं धूर बाहेर नेणारा पाइप) काजळीचा काळा पट्टा, तर तिथलं गास्केट. टर्बोची बारीक शिट्टी चालते, पण ती सायरनसारखी मोठी झाली तर दाखवा. घाटात मधेच पुढनं मोठा घोंघों सुरू होतो आणि थोड्या वेळानं आपोआप थांबतो, तो बऱ्याचदा फॅन असतो, तापल्यावर जोरात धरतो, हे चांगलं लक्षण आहे. गाडी उचलताना एकच कट्ट, तर शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस. मागनं येणारा हुम्म दाबल्यावर एक आणि सोडल्यावर वेगळा, तर हाउसिंगमधले गियर, म्हणजे क्राऊन-पिनियन, नाहीतर तिथलं बेअरिंग.

आणि खालनं येणारा जड ठक-ठक, ओढताना वाढणारा, तोही ऑइलचा लाल दिवा लुकलुकत असताना, तर तिथंच बाजूला घेऊन बंद करा. पुढच्या गावापर्यंत नेतो म्हणून नेलेल्या गाडीचा क्रँक जातो.

अर्धे आवाज तर पिकअपचे नसतातच. ट्रॉलीची पिन सैल असते, तिच्या चाकाच्या बेअरिंगला ग्रीस नसतं, पाटे कुरकुरतात, आणि ते सगळं चेसिसमधनं केबिनमध्ये ऐकू येतं. ट्रॉली सोडून, तेवढंच वजन गाडीत भरून त्याच रस्त्यानं एक चक्कर मारा, आवाज गेला की कुठं बघायचं ते कळलं.

गॅरेजला जायच्या आधी

आपल्या पिकअपला किती ओढायची परवानगी आहे, आहे की नाही, हे मॅन्युअल आणि आरसीवर बघा. ट्रॉलीपण मोटार वाहन कायदा १९८८ नुसार वाहनच धरलं जातं, तिचे कागद वेगळे लागतात. गाडी वॉरंटीत असेल आणि मॅन्युअलमध्ये ओढायचं वजनच दिलेलं नसेल, तर क्लच किंवा इंजिनचा क्लेम अडू शकतो.

एवढा हिशोब कोण ठेवणार असं म्हणाल तर ठेवायचं फार नाहीये. ऑइल वरच्या खुणेला आणा, त्या दिवसापासनं पंपाच्या पावत्यांचे फोटो मोबाईलमध्ये ठेवा, आणि पुढं ऑइल ओतताना ते मापाच्या जगनं ओता, अंदाजानं डब्यातनं नको. शंभर-दीडशे लिटर डिझेल झालं की भागाकार करा. रिकाम्या गाडीचा एक आकडा, ट्रॉलीचा एक. मिस्त्रीला "लय ऑइल खाती" असं सांगण्यापेक्षा "रिकामी असताना लिटरला अडीच मिली, ट्रॉलीला सहा, फिल्टर आणि ब्रीदर नवीन आहे, बाहेर गळती नाही" असं सांगा. मग तो आधी टर्बोचा पाइप काढून आत ऑइल किती साठलंय ते बघेल, ऑइल भरायचं झाकण उघडून गरम इंजिनात धापा किती येतात ते बघेल, कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, चेक करेल. हे तिन्ही हेड न उघडता होतं. त्याच्या आधीच कुणी इंजिन खोलायला घ्या म्हणाला, तर गाडी दुसऱ्या गॅरेजला दाखवा.